स्वप्नातला राग खरा मानायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वडील जाऊन आठ महिने झाले. दिवसा तुम्ही ठीक असता. ऑफिस, मुलाची शाळा, घर, सगळं चालू आहे आणि रडूही फारसं येत नाही. पण आठवड्यातल्या दोन-तीन रात्री दोनच स्वप्नं आलटूनपालटून पडतात. एकात बारावीचा गणिताचा पेपर आहे आणि हॉलतिकीट सापडत नाही. दुसऱ्यात बाबा नेहमीच्या खुर्चीवर बसलेत आणि तुम्ही त्यांच्यावर घसा फाटेपर्यंत ओरडताय. जाग येते ती त्या रागातच, आणि तो दुपारपर्यंत नवऱ्यावर नाहीतर मुलावर निघत राहतो. सासूबाई म्हणतात हा पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. मैत्रीण म्हणते, तुझ्या मनात बाबांबद्दल दाबून ठेवलेला राग आहे. तुम्ही विचारताय, यातलं खरं कोणाचं?

मी नाशिकला मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे या दोन्ही निदानांशी माझी नेहमीच गाठ पडते. सासूबाई आणि मैत्रीण दोन टोकांना उभ्या आहेत असं वाटतं, पण दोघींनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: स्वप्नात जी गोष्ट दिसली तो एक निरोप आहे आणि तो वाचता आला की काम झालं. एकीच्या मते निरोप बाबांचा, दुसरीच्या मते तुमच्याच अंतर्मनाचा. माझं मत वेगळं आहे. स्वप्नातल्या गोष्टीवर फार विसंबू नये, तिच्यातल्या भावनेकडे मात्र गांभीर्याने बघावं. आणि मुख्य म्हणजे ती भावना ज्या माणसावर निघालेली दिसते, त्याच माणसाबद्दलची असेल असं धरून चालू नये.

हे सांगण्याआधी थोडं हातचं राखून ठेवतो. काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. बाबा अचानक गेले की दीर्घ आजारानंतर? स्वप्न मध्यरात्री मोडतं की पहाटे? आणि दोन महिन्यांपासून बीपीची गोळी चालू आहे असं तुम्ही जाता जाता म्हटलंय, ती कोणती? गोळीकडे मी शेवटी येतो.

झोपेत काय चालतं ते आधी बघू. 1953 साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेच्या काही टप्प्यांत बंद पापण्यांखाली बुबुळं झपाझप हलत असतात. या टप्प्याला रेम झोप म्हणतात. त्यात माणसाला उठवलं तर दहापैकी साधारण आठ वेळा तो स्वप्न सांगतो. इतर टप्प्यांतही स्वप्नं पडतात, पण लांबलचक, भावनेने भरलेली स्वप्नं मुख्यतः इथली. सुमारे नव्वद मिनिटांच्या चक्रात हा टप्पा पुन्हापुन्हा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. नव्वदच्या दशकात झोपलेल्या लोकांच्या मेंदूची चित्रं घेता येऊ लागली तेव्हा असं दिसलं की रेम झोपेत अमिग्डाला आणि तिच्या आजूबाजूचे भाग, म्हणजे भीती-राग-ओढ यांची यंत्रणा, जोरात चालू असते. उलट कपाळामागचा जो भाग एरवी 'थांब, हे शक्य आहे का, बाबा तर गेलेत' असं विचारतो, तो मंदावलेला असतो.

यावरून एक अंदाज बांधता येतो आणि ओपीडीत ऐकलेल्या स्वप्नांशी तो मला जुळलेला दिसतो. भावना आधी पेटते. मग मेंदू तिला साजेशी माणसं, जागा, प्रसंग हाताला लागतील तसे गोळा करतो. तपासणारा भाग पेंगत असल्यामुळे त्या भावनेवर कोणाचा चेहरा बसला, हे कोणी पडताळून बघत नाही. म्हणून स्वप्नात आपण बारावीला असतो, घर आजोळचं असतं, बॉस शेजारी बसून पेपर सोडवत असतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. धडधड मात्र खरी असते. झोपेतसुद्धा नाडी आणि श्वास बदलतात.

आपल्याकडे म्हण आहेच: मनी वसे ते स्वप्नी दिसे. ती निम्मी बरोबर आहे. कॅल्विन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हजारो स्वप्नं गोळा करून मोजदाद केली आणि तो साधारण याच निष्कर्षाला आला: माणूस दिवसा ज्या काळज्यांत गुंतलेला असतो त्याच रात्री दिसतात. पण त्या घटनेच्या रूपात जशाच्या तशा क्वचितच दिसतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ तीनशे स्वप्नं त्या त्या माणसाच्या दिवसाशी ताडून पाहिली. निम्म्याहून अधिक स्वप्नांत दिवसाचा काही ना काही धागा सापडला, पण एखादा प्रसंग जसाच्या तसा पुन्हा घडलाय अशी स्वप्नं शंभरात एक-दोन. धागा येतो, प्रसंग येत नाही. आणि या धाग्यांत भावनेचा धागा सगळ्यांत चिवट असतो. अर्नेस्ट हार्टमन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने मोठ्या आघातातून गेलेल्या लोकांची स्वप्नं अभ्यासली. कोणी आगीतून वाचलेलं, कोणावर हल्ला झालेला. पण त्यांच्या स्वप्नांत एक चित्र पुन्हापुन्हा येई, किनाऱ्यावर उभं असताना अंगावर चालून येणारी प्रचंड लाट. लाट त्यांच्यापैकी कोणाच्या आयुष्यात आलेली नव्हती. आलं होतं ते असहाय वाटणं.

आता तुमचं हॉलतिकीट. परीक्षेचं स्वप्न इतकं सर्रास पडतं की ते ऐकून मी वहीत काही लिहीतसुद्धा नाही. पडतं बहुतेक अशा लोकांना ज्यांनी ती परीक्षा कधीच पार केलेली असते, आणि जबाबदारी अंगावर घ्यायची ज्यांना सवय असते. पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, तिथे मी थबकलो: 'भाऊ दुबईला असतो, त्यामुळे सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँक, आईची फॅमिली पेन्शन हे सगळं मीच बघते.' ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे. मृत्यूचा दाखला दिला की वारसांचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते नेलं की आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूस 'एक कागद कमी आहे' म्हणतो तेव्हा मागे उभ्या वीस लोकांसमोर आपण पंचेचाळीशीतही शाळकरी होऊन जातो. ऐन वेळी कागद नाही, वेळ संपत आलीय आणि सोबत कोणी नाही. हॉलतिकिटाच्या स्वप्नातली भावना याहून फार वेगळी आहे असं मला वाटत नाही.

हा माझा अंदाज आहे, निदान नव्हे. तो पडताळून बघणं तुमच्याच हातात आहे. 'हॉलतिकीट म्हणजे अमुक' असा कोश कुठेही नाही, आणि जे विकतात ते रद्दी विकतात. तुमच्या शेजारणीला हेच स्वप्न वेगळ्या कारणाने पडत असेल.

बाबांवर ओरडण्याचं स्वप्न जास्त त्रास देणारं आहे, कारण त्यात अपराधीपण मिसळलंय. गेलेलं माणूस स्वप्नात येणं हा शोकाचा अगदी नेहमीचा भाग आहे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत याचे काही ठरावीक प्रकार आढळतात. सुरुवातीला माणूस जिवंत असतो आणि 'अरे, तुम्ही तर बरे आहात' म्हणून आनंद होतो. जाग येण्याची शिक्षा मग वेगळी. काहींना ते भुकेले, तहानलेले दिसतात, विशेषतः दहाव्याला कावळा शिवायला वेळ लागला असेल तर. काहींना ते पाठमोरे दिसतात. आणि बऱ्याच जणांचं स्वप्नात भांडण होतं. हे शेवटचे लोक आवाज खाली करून सांगतात, जणू त्यांनी खरोखरच हात उगारला होता.

तर राग आहे का? हो, आहे. स्वप्नात आणि जाग आल्यावर चार तास तुम्ही तो अनुभवताय, तो नाही असं मी कसं म्हणू? तो बाबांवरच आहे का, हे स्वप्नावरून सांगता येत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ येत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). ते स्वप्नात आईला घालूनपाडून बोलत. दिवसा आईविषयी त्यांच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं. आम्ही आईचं स्वभावचित्र काढत बसलो नाही. फक्त विचारलं, की असाच, याच जातीचा राग गेल्या पंधरा दिवसांत जागेपणी कधी आला होता? बराच वेळ गेला. मग म्हणाले, मोठ्या भावाचा फोन येतो तेव्हा. आई सात महिने अंथरुणाला खिळलेली, भाऊ दोनदा येऊन गेला, आणि तेराव्याला सगळ्यांसमोर 'आईचं आम्ही सगळं केलं' म्हणाला. हा राग दिवसा बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण घर त्या भावाच्याही नावावर आहे. रात्री तो निघायचा आणि खोलीत जी व्यक्ती असेल तिच्यावर निघायचा. अर्थात दुसऱ्या टोकाचेही पेशंट आहेत. एका मुलीचा राग खरोखरच वडिलांवर होता. छातीत दुखत असताना त्यांनी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, याबद्दल. मेलेल्या माणसावर रागवायला आपल्याकडे परवानगी नाही, पण राग येतो, आणि प्रेम असलं तरी येतो. तुमचं यातलं कोणतं, किंवा तिसरंच काही, हे तुम्हालाच कळेल.

मग ही स्वप्नं बरी की वाईट? शिकागोतच रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या, खचलेल्या लोकांची स्वप्नं प्रयोगशाळेत नोंदवली होती. ज्यांच्या स्वप्नांत सोडून गेलेला जोडीदार येत होता, ते वर्षभरानंतर इतरांपेक्षा अधिक सावरलेले निघाले. अभ्यास लहान होता आणि घटस्फोट म्हणजे मृत्यू नव्हे. स्वप्न पडल्यामुळे माणूस सावरतो की सावरू लागल्यामुळे तशी स्वप्नं पडतात, यावर संशोधकांत अजून वाद आहे. मी स्वतः मधल्या जागी उभा आहे. स्वप्नांत हालचाल असेल, म्हणजे बाबा आज ऐकून घेताहेत, उद्या उत्तर देताहेत, परवा दार उघडून बाहेर जाताहेत, तर मी निर्धास्त असतो. तेच स्वप्न तसंच्या तसं महिनोन्‌महिने फिरत राहिलं तर मी लक्ष घालतो.

आणि प्रसंग खरोखरच जसाच्या तसा परत येऊ लागला तर तो मामला वेगळा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या भागात गारपीट झाली, त्यानंतर द्राक्षबागायतदार येत. काहींना स्वप्नात पत्र्यावर पडणाऱ्या गारांचा आवाज जसाच्या तसा ऐकू यायचा आणि ते उठून अंगणात धावायचे. हे आघातानंतरचं दुःस्वप्न असतं, आणि त्यावर उपाय आहे. दिवसा, जागेपणी, ते स्वप्न लिहून काढायचं, त्याचा पुढचा भाग आपल्या मर्जीने बदलायचा आणि नवी आवृत्ती रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर ही पद्धत वापरून 2001 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दुःस्वप्नं खरोखर कमी झाली होती. माझ्या अनुभवात तिला चिकाटी लागते आणि शेजारी बसून मदत करणारं माणूस लागतं. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला आज तिची गरज दिसत नाही.

तुमची आजची खरी अडचण सकाळची आहे, असं मला वाटतं. रेम झोप पहाटे सर्वाधिक असते आणि मुलाच्या शाळेचा गजर नेमका तिच्या मधोमध वाजतो. स्वप्नाची गोष्ट पाच मिनिटांत विरते, तिने चढवलेला राग अंगात राहतो, आणि मग त्याला नवीन कारण मिळतं: डबा, ओला टॉवेल, नवऱ्याचा फोन. 2014 च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांनी रोज आपली स्वप्नं आणि जोडीदाराशी वागणं दोन्ही नोंदवलं होतं. स्वप्नात जोडीदाराशी भांडण झालं की पुढच्या दिवसांत प्रत्यक्षातही खटके वाढलेले दिसले. म्हणजे दिवसाची भावना रात्री जाते, तशी रात्रीची दिवसातही येते, आणि दिवसाढवळ्या आलेल्या या पाहुण्याला आपण ओळखत नाही.

म्हणून उठल्यावर फोन हातात घेण्याआधी दोन ओळी लिहा. गोष्ट लिहिली नाही तरी चालेल, भावना लिहा, आणि 'वाईट वाटलं' असं मोघम नको. राग, लाज, घाई, एकटेपण, कोणीतरी फसवल्याची चीड, असा नेमका शब्द. त्याखाली फक्त तारीख. संध्याकाळी कधीतरी तोच शब्द घेऊन स्वतःला विचारा, ही भावना गेल्या आठवड्यात जागेपणी कुठे भेटली होती? आठवडा मुद्दाम म्हणतोय, कारण दिवसाचे धागे कधी त्याच रात्री येतात तर कधी पाच-सात दिवसांनी. नवऱ्याला एवढंच सांगून ठेवा, की आज स्वप्न वाईट होतं, अर्धा तास मला सोडून द्या. स्वप्नाचा मजकूर त्याला सांगायलाच हवा असं नाही. आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या तारखा तहसील आणि बँकेच्या फेऱ्यांशेजारी ठेवून बघा. माझा अंदाज खोटा असेल तर तिथेच कळेल.

आता नागबळी. विधी तीन दिवसांचा असतो, आणि तो करून आल्यावर स्वप्नं थांबली असं सांगणारे लोक मला भेटतात. फरक पडला नाही म्हणणारेही भेटतात. ज्यांना बरं वाटलं त्यांच्याकडे बघून मला त्यात नवल वाटत नाही. तीन दिवस सगळी भावंडं एकत्र, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, रडायला मोकळीक. घरात हे क्वचितच घडतं. तुमची श्रद्धा असेल, भाऊ येणार असेल, कर्ज काढावं लागत नसेल, तर मी अडवणार नाही. माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. 'बाबा अतृप्त आहेत' हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की रोजच्या झोपेला भीती चिकटते, आणि भीतीने झोपलेल्या माणसाला त्याच जातीची स्वप्नं अधिक पडतात. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर एक आधार देतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भावी सुचवणारं आणि (वात-पित्त-कफ या) दोषांमुळे पडणारं. त्यातले पहिले पाच निष्फळ समजावेत, असं तिथेच म्हटलं आहे. मी वैद्य नाही, पण तुमची दोन्ही स्वप्नं पहिल्या पाचांत सहज बसतात.

राहिली गोळी. ती मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल असेल तर तुमच्या डॉक्टरांना स्वप्नांबद्दल अवश्य सांगा. बीटा-ब्लॉकर या गटातल्या, मेंदूत सहज शिरणाऱ्या गोळ्यांनी काही लोकांची स्वप्नं भडक आणि त्रासदायक होतात. पर्याय असतात. स्वतः बंद करू नका; हृदयासाठी ते धोक्याचं ठरू शकतं. मनोविकारावरच्या किंवा झोपेच्या गोळ्या एकदम सोडल्या, रोजची दारू अचानक थांबवली, तरी दाबलेली रेम झोप उसळून येते आणि आठवडाभर स्वप्नांचा नुसता पूर येतो. (जाता जाता: मुलाला सर्दी-दम्यासाठी मॉन्टेलुकास्ट चालू असेल आणि तो रात्री दचकून उठत असेल, तर तेही बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.)

काही गोष्टी घडल्या तर मात्र मनोविकारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा: झोपायचीच भीती वाटू लागली, तेच स्वप्न महिनाभर जराही न बदलता येत राहिलं, दिवसा कशातच रस उरला नाही. दुःस्वप्नांबरोबर मरणाचे विचार येऊ लागले तर भेटीची वाट बघू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरातलं कोणी, विशेषतः पन्नाशीपुढचा पुरुष, झोपेत खरोखरच लाथा-बुक्के मारत असेल तर ती भावनेची गोष्ट समजू नका. रेम झोपेत शरीर लुळं असायला हवं, तसं ते राहत नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला हवं.

रडू येत नाही याची तुम्हाला काळजी वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. आठ महिने कागद गोळा करणाऱ्या माणसाला रडायला वेळ कुठला? भावाला फोन करा आणि आईच्या पेन्शनचं काम त्याच्याकडे सोपवा. त्यातलं बरंचसं दुबईत बसूनही करता येतं.